मोचिका: एका भाषेच्या नोंदींचा धांडोळा

१६४० साली गोव्यात रायतूरच्या छापखान्यातून फादर थॉमस स्टीफन्स यांचं कोकणी व्याकरण बाहेर पडलं. 'ख्रिस्तपुराण'कार स्टीफन्स तेव्हा हयात नव्हते. चारच वर्षांनी, १६४४ मध्ये, पेरूच्या लिमा शहरात फेर्नान्दो दे ला कारेरा नावाच्या एका धर्मगुरूने देशाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या भाषेचं व्याकरण छापलं. एका पुस्तकाचं नाव पोर्तुगीजमध्ये, दुसऱ्याचं स्पॅनिशमध्ये. पण दोन्ही नावांची सुरुवात 'आर्ते' या शब्दाने होते. दोन्हींचा साचा लॅटिन व्याकरणाचा आहे आणि हेतूही एकच: नवख्या पाद्रीला गावकऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलता यावं. स्टीफन्सनी लिहिलेली भाषा आज लाखो लोक बोलतात. कारेराने लिहिलेली मोचिका भाषा विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत बोलण्यातून संपली.

व्याकरण छापल्याने भाषा जगत नाही, हे या दोन पुस्तकांच्या नशिबातून उघड दिसतं. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणी सोडून देण्याचा हुकूम काढला होता, तरी बोलणारी माणसं टिकली म्हणून कोकणी टिकली. मोचिकेच्या बाबतीत माणसं पांगली आणि पुस्तक उरलं. आज या भाषेबद्दल जे काही सांगता येतं ते सारं मूठभर लोकांनी करून ठेवलेल्या नोंदींवर उभं आहे. त्या नोंदी कुणी केल्या, कशासाठी केल्या आणि त्यांतून काय निसटलं, हे पाहिल्याखेरीज मोचिकेबद्दलचं एकही विधान नीट तोलता येत नाही. म्हणून हा आढावा भाषेइतकाच तिच्या लेखनिकांचाही आहे.

पेरूचा उत्तर किनारा म्हणजे वाळवंट. अँडीज पर्वतातून उतरणाऱ्या नद्या हे वाळवंट आडवं कापत समुद्राला मिळतात, आणि वस्ती असते ती या नद्यांच्या खोऱ्यांत. लांबायेके, साञा, हेकेतेपेके, चिकामा ही त्यांतली काही खोरी. मोचिका बोलली जायची ती मुख्यतः इथे. केचुआ भाषेत उष्ण सखल प्रदेशाला 'युंगा' म्हणतात, म्हणून वसाहतकाळातल्या कागदपत्रांत या भाषेचं नाव बहुधा 'युंगा' असंच येतं. आज तिचं पुनरुज्जीवन करू पाहणारे लोक तिला 'मुचिक' म्हणतात.

इथे एक गोंधळ आधीच दूर करायला हवा. सिपानच्या सरदाराची सोन्यानं भरलेली कबर १९८७ मध्ये पुरातत्त्वज्ञ वाल्टर आल्वा यांनी उघड केली आणि 'मोचे' संस्कृतीचं नाव जगभर गेलं. ही संस्कृती इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आसपास मावळली. नावातल्या साधर्म्यामुळे मोचे लोक मोचिकाच बोलत असणार, असं सर्रास लिहिलं जातं. ते शक्य आहे, सिद्ध झालेलं नाही. मधल्या काळात चिमू राज्य उभं राहिलं, पंधराव्या शतकात इंकांनी ते जिंकलं, मग स्पॅनिश आले. पहिली नोंद हाती लागते तेव्हा मोचे संस्कृती लयाला जाऊन शतकं लोटली होती. मातीच्या भांड्यांवरून भाषा ओळखता येत नाही. संग्रहालयांच्या पाट्यांवर हा संबंध इतक्या खात्रीने लिहिला जातो, ते मला घाईचं वाटतं.

स्पॅनिश चर्चने सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं की किती भाषांवर मेहनत घ्यायची. १५८२-८३ च्या तिसऱ्या लिमा धर्मपरिषदेने प्रश्नोत्तरी तयार केली ती केचुआ आणि आयमारा या दोन भाषांत. दक्षिण अमेरिकेत छापलेलं पहिलं पुस्तक हेच, १५८४ चं. किनाऱ्यावरच्या भाषांना त्यात जागा मिळाली नाही. मोचिका छापील पानावर ठळकपणे दिसते ती लुइस हेरोनिमो दे ओरे या फ्रान्सिस्कन धर्मगुरूच्या १६०७ च्या 'रितुआले'मध्ये. तेही नेपल्सला छापलेलं. त्यात केचुआ, आयमारा, पुकिना, ग्वारानी आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावरची भाषा यांच्या सोबतीला मोचिकेतल्या काही प्रार्थना आहेत. पुकिनाही पुढे नाहीशी झाली आणि तिच्यासाठी आज हेच पुस्तक मुख्य आधार आहे. मोचिकेचं नशीब त्या मानाने चांगलं, कारण तिला कारेरा मिळाला.

कारेरा त्रुहिल्योचा. लांबायेकेत लहानपणी आसपासच्या माणसांकडून तो ही भाषा शिकला आणि पुढे चिक्लायोजवळच्या रेके गावात धर्मगुरू झाला. ती त्याच्या कानात लहानपणापासून होती, हे त्याच्या पुस्तकाचं मोठं बळ. पुस्तकाच्या आरंभी त्याने ही भाषा जिथे बोलली जाते त्या गावांची यादी दिली आहे: त्रुहिल्योच्या बाजूची माग्दालेना दे काओ, चोकोपे, पायहान, पुढे चेपेन, हेकेतेपेके, मोन्सेफू, एतेन, फेरेञाफे, तुकुमे, मोरोपे, हायांका, उत्तरेला मोतुपे. इतकंच नव्हे तर काहामार्काच्या डोंगरातली काही गावंही त्यात आहेत. किनाऱ्यावरून डोंगरात जाऊन वसलेल्या लोकांची वस्ती तिथे होती. बोलणाऱ्यांची संख्या चाळीस हजारांहून अधिक असल्याचं तो लिहितो. हा आकडा शिरगणतीचा नाही, एका जाणकाराचा अंदाज आहे. तरी एका शतकाच्या साथी आणि सक्तीच्या स्थलांतरांनंतरही भाषा किती ठिकाणी तग धरून होती, ते त्यावरून समजतं.

या पुस्तकाचं खरं मोल दिसतं ते लॅटिनचा साचा जिथे कमी पडतो तिथे. कारेराने प्रथमा, षष्ठी, चतुर्थी अशा लॅटिन विभक्ती मोचिकेवर बसवल्या. त्या काळी दुसरी वाट कुणाला ठाऊकच नव्हती. पण भाषा त्या चौकटीत मावेना तेव्हा त्याने तिला छाटलं नाही. स्पॅनिशमध्ये पाच स्वर, मोचिकेत त्याला सहावा ऐकू आला. तो 'ए'ने सुरू होतो आणि 'उ'कडे जाऊन थांबतो, असं त्याने त्याचं वर्णन केलं आणि त्यासाठी दोन स्वरांचं जोडाक्षर वापरलं. एका व्यंजनासाठी त्याने छापखान्यातला 'एच' हा खिळाच उलटा बसवून घेतला. जो आवाज आपल्या लिपीत नाही त्याला जवळच्या अक्षरात कोंबणं सोपं होतं. हा माणूस तसं न करता अडून बसला, आणि त्या हट्टाबद्दल मला त्याच्याविषयी नितांत आदर वाटतो. त्याच्या खुणा आज नेमक्या कोणत्या ध्वनीच्या, यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण तिथे काहीतरी वेगळं होतं हे त्याच्यामुळेच कळतं.

मोजणीचं प्रकरण तर खास थांबून पाहावं असं. एक, दोन, तीन म्हणजे 'ओनॅक', 'आपुत', 'सोपॅत'. पण दहाच्या गटांत मोजायला लागलं की काय मोजतोय यावर शब्द बदलतो. माणसं, घोडे यांचे दहा म्हणजे 'नापोंग', वीस 'पाकपोंग'. पैशांचे दहा मात्र 'नास्सोप', वीस 'पाकस्सोप'. फळांसाठी वेगळाच शब्द. जोड्यांनी मोजायचं तर पक्षी आणि घागरी एका शब्दात बसतात, ताटं आणि प्याले दुसऱ्या. या वर्गीकरणात बाजारातला हिशेब आहे, माजघरातली मांडणी आहे, ओझी वाहणाऱ्यांची सवय आहे. लॅटिन व्याकरणात याला खानाच नव्हता. कारेराने तरीही ते लिहून घेतलं, कारण धान्य, कर, दक्षिणा मोजताना याशिवाय त्याचं काम अडलं असतं.

नामांचंही तसंच. वस्तू कुणाच्या मालकीची आहे की मोकळी आहे, यावरून अनेक मोचिका नामांचं रूप बदलत असे. कर्मणी रचना फार चालायची आणि करणारा तिथे षष्ठीत यायचा. या भाषेचा ज्ञात शेजारी भाषांशी मेळ बसत नाही, म्हणून बहुतेक अभ्यासक तिला एकाकी भाषा मानतात. माया भाषांशी आणि बोलिव्हियातल्या चिपाया भाषेशी तिचं नातं जोडण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले, लुइसा स्टार्क यांचा १९७२ चा लेख त्यांतला ठळक. पण तो दुवा टिकलेला नाही. दक्षिण इक्वेडोरमध्ये एकेकाळी बोलल्या जाणाऱ्या कान्यारीशी संबंध असल्याची शंका जास्त गांभीर्याने घेतली जाते. कान्यारीचीही केवळ ठिकाणांची नावं आणि मोजके शब्द उरलेत, त्यामुळे तिथे पुढे जाता येत नाही.

आता कारेराच्या पुस्तकातली दुसरी बाजू. त्यात प्रार्थना आहेत, धर्माज्ञा आहेत आणि कबुलीजबाबासाठी प्रश्नांची मालिका आहे: चोरी केलीस का, खोटी शपथ घेतलीस का, 'हुआका'ची, म्हणजे पूर्वजांच्या पवित्र स्थळांची पूजा केलीस का. मोचिकेतली सलग वाक्यं आज सर्वांत जास्त सापडतात ती याच प्रश्नांत. एखादी आजी नातवाला काय सांगत असे, मासेमार भरतीच्या वेळी एकमेकांना काय हाका मारत, लग्नात काय गायलं जाई, यांतलं या पुस्तकात काहीच नाही. दटावणीचं व्याकरण उरलं, लाडाचं नाही. हे नुकसान शब्दसंख्येत मोजता येत नाही. पश्चात्ताप, पाप, आज्ञा यांसाठीची रूपं भरपूर, आणि ज्या समुद्रावर ही माणसं जगत होती त्याबद्दलचे शब्द कमी, असं हे असंतुलन आहे.

कारेरानंतर जवळजवळ दीडशे वर्षं मोठी नोंद नाही. १७८० च्या दशकात त्रुहिल्योचे बिशप मार्तिनेस कोम्पान्यॉन यांनी आपल्या प्रचंड धर्मप्रांताचा दौरा करून जलरंगातल्या चित्रांचे नऊ खंड करवून घेतले. त्यांत एक तक्ता आहे: ४३ स्पॅनिश शब्द आणि त्यांचे आठ भाषांतले प्रतिशब्द. मोचिकेच्या शेजारी केचुआ, सेचुरा, कोलान, काताकाओस, कुल्यी, हिबितो आणि चोलोन यांचे रकाने आहेत. यांतल्या काहींची तर एवढीच काय ती ओळख शिल्लक आहे. याच संग्रहात स्वरलिपीसह 'तोनादा देल चिमो' नावाचं एक गाणं आहे. त्याचे शब्द किनाऱ्यावरच्या कुठल्या तरी भाषेतले आहेत आणि ती मोचिका असावी असं मानलं जातं. शब्दांचा अर्थ अजून पुरता लागलेला नाही, पण चाल वाजवता येते.

भाषा मागे का हटली याचं एकच कारण देता येणार नाही. आधी साथी आल्या आणि किनाऱ्यावरची लोकसंख्या कोसळली. मग १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने विखुरलेल्या वस्त्या उचलून मोठ्या गावांत आणल्या. वेगवेगळ्या बोली बोलणारे शेजारी झाले आणि समाईक भाषा स्पॅनिश ठरू लागली. १५७८ च्या अतिवृष्टीने लांबायेकेचे कालवे मोडले. खोऱ्यांत उसाचे मोठे जमीनदारी मळे (हासिएंदा) पसरले, मजूर बाहेरून आले. एकेक गाव निसटत गेलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मोचिकेचा भक्कम आधार एकच राहिला: समुद्रालगतचं एतेन. गवती टोप्या विणणारं, मासे धरणारं, आपल्यातच सोयरिकी करणारं गाव.

तिथे एर्न्स्ट मिडेनडॉर्फ पोहोचले. हे जर्मन डॉक्टर पेरूमध्ये कित्येक वर्षं राहिलेले, देशी भाषांवर सहा खंड लिहिलेले. सहावा खंड मोचिकेचा, लायप्झिग, १८९२. कारेराचं पुस्तक हाताशी ठेवून त्यांनी एतेनच्या लोकांशी बोलून ते तपासलं. अडीचशे वर्षांच्या अंतराने एकाच भाषेच्या दोन नोंदी मिळाल्या, म्हणजे बदल मोजता आला. कारेरा आणि बिशपचा तक्ता 'पाणी'साठी 'ला' देतात. मिडेनडॉर्फ यांच्या नोंदीत सुरुवातीच्या 'ल'च्या जागी स्पॅनिश 'होता' (j) अक्षराने दाखवलेला घर्षणध्वनी आहे. हा बदल खरोखर मध्यंतरी झाला की कारेराचा 'ल' मुळातच वेगळा होता, यावर भाषाशास्त्रज्ञ आल्फ्रेदो तोरेरो, रोदोल्फो सेर्रोन-पालोमिनो आणि इतरांनी बरंच लिहिलं आहे. असे वाद किचकट दिसतात, पण सहाव्या स्वरासकट सगळ्या ध्वनिव्यवस्थेची उकल त्यांवरच अवलंबून आहे.

मिडेनडॉर्फपेक्षाही मला हान्स हाइनरिष ब्र्युनिंग जवळचे वाटतात. १८७५ मध्ये ते साखर कारखान्यांत यंत्रांचं काम करायला लांबायेकेला आले आणि पन्नासएक वर्षं तिथे राहिले. त्यांनी विणकरांचे, मासेमारांचे, सणांचे फोटो काढले, पुरातन वस्तू जमवल्या आणि मोचिका शब्द टिपत राहिले. त्यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय आजही लांबायेकेत त्यांच्या नावाने आहे. शब्दकोशाचं हस्तलिखित मात्र जर्मनीत पडून होतं. होसे आंतोनियो सालास गार्सिया यांनी ते संपादित करून छापलं तेव्हा साल होतं २००४. ब्र्युनिंग यांचे शब्द कारेराच्या शब्दांपेक्षा वेगळ्या अंगणातले आहेत: झाडं, मासे, अवजारं, शरीर, घरातली बोलणी. ज्याला धर्मांतर घडवायचं नव्हतं त्याने वेगळे प्रश्न विचारले आणि वेगळी भाषा हाती आली. पण तोवर व्याकरण विरलं होतं. लांब वाक्यं सांगणारे फारसे राहिले नव्हते.

तुकुमेत जन्मलेले गणिती फेदेरिको व्हिल्यारेयाल यांनी १९२१ मध्ये मोचिकेवर पुस्तक काढलं. आपल्या मातीतल्या भाषेबद्दल तिथल्याच माणसाने लिहिलेलं म्हणून ते महत्त्वाचं. जर्मन अभ्यासक वाल्टर लेमान १९२९ मध्ये एतेनला गेले तेव्हा त्यांना मिळाले ते आठवणीतले सुटे शब्द. त्यांची यादीही १९९१ पर्यंत छापली गेली नव्हती. नोंदी करण्यात जेवढा उशीर झाला, जवळपास तेवढाच त्या लोकांपुढे आणण्यात झाला. कारेराचं पुस्तकसुद्धा १९३९ मध्ये आर्हेंतिनातल्या तुकुमानला रादामेस आल्तिएरी यांनी पुन्हा छापलं तेव्हा कुठे अभ्यासकांच्या सहज हाती आलं. त्यानंतरची मोठी पावलं म्हणजे सेर्रोन-पालोमिनो यांचं 'ला लेंग्वा दे नाइमलाप' (१९९५), एव्हेन होव्दहाउगेन यांचं व्याकरण (२००४), माथियास उर्बान यांचा उत्तर किनाऱ्यावरच्या सगळ्या लुप्त भाषांवरचा ग्रंथ (२०१९) आणि रिटा एलोरांता यांचा लायडेन विद्यापीठातला प्रबंध (२०२०). या सगळ्यांच्या पायाशी मुख्यतः कारेराच आहे. एका माणसाच्या कानावर अख्ख्या भाषेचं व्याकरण तोललेलं आहे.

नोंद न होणं म्हणजे काय, हे शेजारच्या भाषांकडे पाहिलं की कळतं. सेचुराचे चाळीसएक शब्द १८६३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस यांनी टिपले. निलगिरीत सिंकोनाची लागवड व्हावी म्हणून इक्वेडोरहून बियाणं मिळवणारे ते हेच. आणि चिमू राज्याच्या मध्यभागी बोलली जाणारी किंगनाम? १६३८ मध्ये इतिवृत्तकार आंतोनियो दे ला कालांचा तिचं नाव घेतो, पण तिचं व्याकरण आपल्यापर्यंत पोहोचलेलं नाही. २००८ मध्ये पुरातत्त्वज्ञ जेफ्री क्विल्टर यांच्या पथकाला माग्दालेना दे काओच्या कोसळलेल्या चर्चच्या अवशेषांत सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं एक पत्र सापडलं. मागच्या कोऱ्या बाजूवर कुणीतरी आकडे लिहिले होते आणि शेजारी त्यांची स्थानिक नावं: 'चारी', 'मारियान', 'आपार'. हे मोचिकेचे 'ओनॅक', 'आपुत', 'सोपॅत' नव्हेत. चार, सहा आणि सात यांचे शब्द केचुआतून आलेले दिसतात, बाकीचे बहुतेक कुठल्याही ज्ञात भाषेशी जुळत नाहीत. किंगनामचा, किंवा कालांचाने जिला मासेमारांची भाषा म्हटलं तिचा, हा बहुधा हाती आलेला एकमेव मजकूर.

गंमत अशी की माग्दालेना दे काओ हे गाव कारेराच्या मोचिका गावांच्या यादीत आहे. म्हणजे एकाच गावात दोन भाषा नांदत होत्या, आणि पाद्रीच्या यादीत त्यांतली एकच उतरली. त्याला कबुलीजबाब ऐकायला जी पुरेशी होती, ती. कारेरावर विसंबताना ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते.

लांबायेकेत मोचिका आज गावांच्या आणि घराण्यांच्या नावांत रोज उच्चारली जाते. खुद्द लांबायेके, रेके, हायांका ही गावं, चाफ्लोके, ल्योंतोप, नेसिओसुप ही आडनावं. गेल्या दोनेक दशकांत मुचिकचे वर्ग, पाठ्यपुस्तिका, गाणी सुरू झाली आहेत. त्यांच्यापुढचे प्रश्न या नोंदींनीच घडवले आहेत. व्याकरण घ्यायचं तर ते १६४४ चं, घरगुती शब्द घ्यायचे तर ते १९०० च्या आसपासचे. दोहोंचं लेखन वेगळं, उच्चार वेगळे. काही भाषाशास्त्रज्ञांना अशी सरमिसळ अशुद्ध वाटते. मला त्यात वावगं काही दिसत नाही. ज्यांच्या पणज्या एतेनमध्ये ही भाषा बोलत होत्या त्यांनी कारेराच्या क्रियापदाला ब्र्युनिंगचा मासा जोडला, तर तो त्यांचा अधिकार आहे. अभ्यासकांनी त्यांना करून द्यायची मदत अगदी साधी आहे: सगळ्या नोंदी एकत्र, स्पॅनिशमध्ये, मोफत आणि प्रत्येक शब्दापुढे तो कुणी, कधी, कुठे टिपला ते लिहून. तुकड्यातुकड्यांनी हे काम झालेलं आहे. लिमा आणि लायडेनच्या ग्रंथालयांबाहेर, एतेनच्या शाळेत ते एका जिल्दीत पोहोचायला हवं.